फाल्गुनातल्या दोन इहिणी

आंजी गाव सोडलं की रस्त्याच्या डाव्या हाताला एक पळस आहे. बाकीचे पळस अजून काळ्या कळ्या धरून बसलेले असतात तेव्हा हा फुलून मोकळा झालेला असतो. यंदाही तसंच झालं. पान म्हणून एक नाही, आणि फांदी न् फांदी केशरी. मी एसटीने आर्वीला निघाले होते. खिडकीतून तो पळस दिसला मात्र, माझ्या मांड्यांना गेल्या फाल्गुनातला चढ आठवला. डोक्याच्या आधी अंगाला आठवतं, हे मला आता आता कळायला लागलं आहे.

आमच्या वर्धेकडचा फाल्गुन तसा कुणाच्या कौतुकाचा नाही. थंडी सरलेली असते, खरं ऊन अजून यायचं असतं. लोक माळ्यावरचे कूलर खाली काढून त्यांची धूळ झटकतात. शेतातला हरभरा निघालेला असतो, गहू पिवळा पडून वाऱ्याबरोबर कोरडा वाजतो, कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्यांचे ढीग बांधावर पडलेले असतात. आर्वीच्या बाजूला गेलं तर संत्र्याच्या बागांतून फुलांचा शेवटचा वास येतो, गोड आणि मागे थोडासा कडवट. मला मात्र हा महिना कित्येक वर्षं नुसता मार्चअखेरचा म्हणून माहीत होता. सगळी नोकरी सरकारी कचेरीतल्या कारकुनीत गेली. त्या दिवसांत खिडकीबाहेर बघायची पद्धतच नव्हती. निवृत्त झाले आणि पहिल्याच फाल्गुनात सायकलवर बसून डोंगराकडे गेले. सोबत विजयाबाई होत्या.

विजयाबाई म्हणजे माझी इहीण. पुस्तकातली विहीण आमच्या बोलण्यात इहीण होते. त्यांची पल्लवी माझ्या निखिलची बायको. त्या आर्वीच्या, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. यजमानांची घरची शेती, संत्र्याची बाग. लग्नाच्या दिवशी फोटोवाल्याने सगळ्यांना ताटकळत ठेवलं होतं, तेव्हा आम्ही दोघी स्टेजच्या मागे खुर्च्या ओढून बसलो. इहिणींनी एकमेकींशी जेवढं जपून बोलायचं असतं तेवढं बोलून झालं. मग त्यांनी एकदम विचारलं, "तुमाले सायकल येते का हो?"

मी म्हटलं, येते म्हणजे काय, कॉलेजची सगळी वर्षं वर्धेचे सपाट रस्ते मी सायकलनेच तर पालथे घातले. त्यांचे डोळे चमकले. त्या भावाच्या उंच सायकलवर, दांड्याखालून पाय घालून, खेड्यावरून आर्वीच्या शाळेत जात. गुडघ्यावरची खूण त्यांनी मला तिथेच, पैठणीचा काठ वर करून दाखवली. तिकडे मुलांचे हार घालून झाले, आणि आम्हाला कुणीतरी शोधत आलं तेव्हा आम्ही ब्रेकविना उतार कसा उतरायचा यावर वाद घालत होतो.

त्यानंतर दर रविवारी फोन. मुलं पुण्यात, त्यांच्याविषयी बोलायचं निमित्त असायचं, पण ती चार वाक्यांत संपायची. उरलेला वेळ आमचा. माझे यजमान म्हणत, "इहिणी-इहिणी एवढ्या काय बोलतात? काहीतरी भांडण ठेवा शिल्लक." दिवाळीत विजयाबाईंनीच बातमी आणली. आर्वीच्या बाहेरून एक जण लोकांना सायकलींवर डोंगराकडे नेतो. शेतांमधल्या पांधणीने, नाल्यातून, थेट धांड्याच्या कड्यापर्यंत. धांडा म्हणजे ज्वारीचं ताट. त्या कड्याचे दगड निसर्गानेच असे घडवलेत की ज्वारीच्या पेंढ्या उभ्या रचल्यासारखे दिसतात. विजयाबाईंचा जन्म तिथून हाकेच्या अंतरावर गेला आणि कडा मात्र कधी पाहिलेला नाही. "पोरीच्या जातीले कोन जाऊ देत होतं तिकडं? आता चला," त्या म्हणाल्या. आम्ही फाल्गुनासाठी दोघींची नावं एकत्र देऊन टाकली.

आणि संक्रांतीच्या सुमारास निखिलचा फोन आला, की तो आणि पल्लवी वेगळे होताहेत.

भांडण नाही, मारहाण नाही, तिसरं कुणी नाही. दोघांनी मिळून ठरवलं आहे, म्हणाला. मी ओट्याशी उभी होते. हातात तिळाचा लाडू वळलेला तसाच. "पण झालं काय?" मी पुन्हा पुन्हा विचारत राहिले आणि तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला, "आई, तसं काही झालं नाही. तेच तर." मला ते समजलं नाही. अजूनही पूर्ण समजलेलं नाही. एवढं कळलं की रविवारी मी फोन उचलला आणि परत ठेवून दिला. काय म्हणून बोलायचं? तिकडूनही फोन आला नाही.

सायकलीचा दिवस जवळ आला तेव्हा घरात विषय निघाला. यजमान म्हणाले, "राहू दे आता. समोरासमोर आल्या तर कशाला अवघड?" मी म्हटलं, त्या काही येणार नाहीत. त्यांची मुलगी, त्यांना जास्त लागलं असेल. त्या येणार नाहीत म्हणूनच मी जाते. घरात बसून बसून माझ्या डोक्याचा भुगा झाला होता.

आर्वीच्या बाहेर एका शेतात, कडुनिंबाखाली सायकली ओळीने उभ्या होत्या. जाड टायरच्या, रुंद हँडलच्या. ऊन अजून झाडाच्या शेंड्यावरच होतं. आणि तिथे, माझ्याकडे पाठ करून, एक बाई हेल्मेट डोक्यावर दाबत होती. हेल्मेट बसत नव्हतं, कारण मागे अंबाडा होता. पंजाबी ड्रेस, पायात पांढरे बूट. ती पाठ मी कुठेही ओळखली असती.

त्या वळल्या. आम्ही दोघी बघत राहिलो.

"तुमी येनार नाई असं वाटलं मले," विजयाबाई म्हणाल्या.

"मलाही तसंच वाटलं."

"म्हनूनच आली मी."

"मी पण," मी म्हटलं. एरवी या बोलण्यावर आम्ही पोट धरून हसलो असतो. त्या दिवशी त्यांनी अंबाडा सोडला, वेणी घातली आणि हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली ओढून घेतला.

नेणाऱ्याचं नाव सागर. तिशी-पस्तिशीचा, मोकळ्या आवाजाचा. त्याने तर्रीपोहे खाऊ घातले, गिअर समजावले, आणि एक नियम सांगितला. "प्रत्येकाची जोडी राहील. मागचा पुढच्याले नजरेआड होऊ देनार नाई, पुढचा वळनावर थांबून मागच्याची वाट पाहीन. ज्यायनं नावं सोबत दिली त्यायची जोडी." नागपूरचं दातांच्या डॉक्टरांचं एक जोडपं होतं, कॉलेजची काही मुलं होती. आणि आम्ही. सागर आमच्याकडे बघून म्हणाला, "काकू, तुमी दोघी सोबत." नाही म्हणायला आम्हा दोघींनाही कारण सुचलं नाही.

पहिला रस्ता पांधणीचा. दोन्हीकडे शेतांची कुंपणं, मध्ये बैलगाडीच्या चाकोऱ्या, पावडरीसारखी मऊ धूळ. ही सायकल माझ्या जुन्या सायकलीपेक्षा वेगळीच चालायची. जड वाटायची, आणि गिअर लागला की कुणी मागून हात लावल्यासारखी पुढे सरकायची. संत्र्याच्या बागेच्या कडेने जाताना फुलांचा वास एवढा दाट की तोंडात चव आल्यासारखी वाटली. एका शेतात गहू कापणाऱ्या बाया उभ्या राहून आमच्याकडे बघत होत्या. एकीने ओरडून विचारलं, "कुठं चालल्या वं बायायहो सायकली घेऊन?"

"कडा पाह्याले!" विजयाबाईंनी ओरडून सांगितलं.

"त्यात का पाह्याचं हाय?" ती म्हणाली आणि सगळ्या हसल्या. विजयाबाईही हसल्या. मग मी मागे आहे हे त्यांच्या लक्षात आलं असावं. पेडलवर जोर टाकून त्या पुढे गेल्या.

त्या पुढेच राहिल्या. वळणावर थांबत, पण माझ्याकडे न बघता, पळसांकडे बघत. मी पोहोचले की लगेच निघत. पुढे शेतं संपली आणि रान सुरू झालं. पानं गळालेला साग, मधूनच पळसांची रांग, खाली पडलेल्या फुलांवरून चाक गेलं की ती दबून जायची. एवढा रंग आजूबाजूला आणि मला दिसत होती फक्त एक वेणी, पांढरे बूट. किती वर्षं मी या बाईशी रविवारी बोलत होते. आता आमच्यात एका सायकलीचं अंतर होतं आणि ते ओलांडायला माझ्याकडे एक शब्द नव्हता.

नाल्याच्या आधी मुरमाचा उतार आहे. सागरने सगळ्यांना थांबवून बजावलं होतं, पुढचा ब्रेक एकदम दाबू नका, हळू जा. विजयाबाईंनी ऐकलं होतं, मी पाहिलं होतं. तरी त्या सुटल्याच. पेडल थांबवलं नाही, ब्रेक धरला नाही. वाटलं, ही बाई कुणावर तरी रागावून खाली चालली आहे. खाली पोहोचता पोहोचता पुढचं चाक दगडाला लागलं, वळलं, आणि त्या हँडलवरून नाल्याच्या वाळूत पडल्या.

मी कशी उतरले मला आठवत नाही. सायकल मी टाकली की ती आपणच पडली, माहीत नाही. मी त्यांच्या शेजारी वाळूत बसले होते आणि ओरडत होते, "विजयाबाई! विजयाबाई, बोला नं माझ्याशी!"

"बोलून राह्यली नं बाप्पा," त्या कण्हत म्हणाल्या. "हात गेला वाटते."

उजवं मनगट डोळ्यांदेखत सुजत होतं. सागर धावत आला. त्याने दोन काड्या लावून माझ्या ओढणीने हात नीट बांधला, गळ्यात अडकवला. म्हणाला, जीप नाल्यात उतरत नाही, फिरून कड्याच्या त्या बाजूला येईल, थोडा वेळ लागेल. बाकीच्यांना पुढे पोहोचवून तो परत येणार होता. तोवर आम्ही सावलीत बसायचं.

नाल्यात पाण्याची बोटभर धार होती. काठच्या उंबराखाली आम्ही बसलो. बाकीच्यांचे आवाज विरले. मी पाण्याची बाटली उघडून त्यांच्या तोंडाला लावली. त्या प्यायल्या, आणि मग समोर बघत म्हणाल्या, "एक गोष्ट विचारतो. खरं सांगजा. निखिलनं काही केलं का माझ्या पोरीले?"

"हेच मी त्याला विचारलं," मी म्हटलं. "शप्पथ घालून विचारलं. तो रडला. नाही म्हणाला."

"मीबी पल्लवीले विचारलं. तूच काही केलं का म्हनून. ते बी रडली." त्यांनी डाव्या हाताने वाळू उकरली. "कोनी पेत असता, मारत असता, तं मी भांडली असती. तुमच्या घरी येऊन भांडली असती. इथं भांडाले कोनीच नाई हो. कोनावर रागावू मी?"

त्यांचा राग मी समजू शकत होते. माझ्याकडेही तोच होता आणि तोही असाच बेवारस फिरत होता. मी विचारलं, "कशी आहे ती?"

हे विचारायला मला सगळा माघ लागला होता. पल्लवी माझ्या घरी चार दिवस यायची, पण ते चार दिवस घर तिचं व्हायचं. बेसिनवर तिचे केस, टेबलावर तिचा अर्धा चहा. ती पुण्याहून भाजीत मीठ जास्त झालं म्हणून फोन करायची. मुलाचं लग्न मोडलं असं सगळे मला म्हणत होते. माझी पोरगी गेली असं कुणी म्हणत नव्हतं.

"आहे," विजयाबाई म्हणाल्या. "कामावर जाते. जेवत नाई धड. अन् तो?"

"तोही."

"माह्या घरचा इन्व्हर्टर त्यानं बसवला. बिघडला की मी त्यालेच फोन करत होती. आता परवा बिघडला, अन् मी अंधारात बसली." एवढं म्हणून त्यांचा आवाज फाटला. मग त्या मोठ्याने रडल्या, हात दुखतो म्हणून की कशासाठी ते विचारायची गरज नव्हती. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि मीही रडून घेतलं. गेले कित्येक दिवस दोघीही घरच्यांसमोर धीराच्या बाया होऊन वावरत होतो. त्या नाल्यात धीर धरायला कुणी सांगणारं नव्हतं.

सागर परत आला तेव्हा म्हणाला, "काकू, जीपपर्यंत चालता येईन का? का मी पाठीवर घेऊ?"

"चालता येते. पाय शाबूत आहेत," विजयाबाई ओढणीच्या टोकानं नाक पुसत म्हणाल्या. "पन आधी कडा."

"अहो, हात मोडला असेल तुमचा," मी म्हटलं.

"हातानं पाह्याचा आहे का? चला."

शेवटची चढण आम्ही पायी गेलो. त्यांची सायकल सागरने घेतली, माझी मी. एका हाताने सायकल ढकलायची, दुसऱ्याने त्यांचा दंड धरायचा. माझ्या मांड्या भरून आल्या होत्या. चढ संपला आणि कडा एकदम समोरच उभा राहिला.

मी फोटो पाहिला होता. फोटोत तो दगड दिसतो. तिथे उभं राहिल्यावर मात्र पहिल्यांदा वाटतं की कुणीतरी प्रचंड खळ्यावर ज्वारीच्या पेंढ्या उभ्या करून ठेवल्या आणि न्यायला विसरला. काळे, सरळ, पाच-सहा कोनांचे खांब, एकाला एक लागून, वर आकाशापर्यंत. काही मधूनच तुटलेले. फटींतून पाणी झिरपत होतं, ऐन फाल्गुनात, आणि त्या ओलाव्यावर हिरवं शेवाळ होतं. वरच्या काठावर पळस. त्याची फुलं थेंबांबरोबर खाली येत होती. नुसते दगडच आहेत हे कळत असूनही कुणी मोठ्याने बोलत नव्हतं.

विजयाबाई पुढे गेल्या आणि त्यांनी डावा तळहात एका खांबाला लावला. "गार आहे," त्या म्हणाल्या. मीही लावला. उन्हातून आलेल्या हाताला ते गार बरं वाटलं. शेजारी शेजारी हात लावून आम्ही बराच वेळ उभ्या होतो.

डॉक्टरबाई आल्या, मनगट पाहिलं, शहरात गेल्याबरोबर एक्स-रे काढा म्हणाल्या. मग हसून विचारलं, "तुम्ही दोघी बहिणी का?"

मी विजयाबाईंकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "इहिनी आहो," त्या म्हणाल्या.

"अय्या, किती छान! मुलं नशीबवान आहेत हो."

"हाव," विजयाबाई म्हणाल्या. "पोट्टे चांगले आहेत दोघंबी."

त्यात खोटं काही नव्हतं.

आर्वीच्या दवाखान्यात प्लास्टर होईपर्यंत मी थांबले. त्यांचे यजमान वसंतराव घाईघाईने आले, बायकोची विचारपूस केली, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मान वळवली. मी नमस्कार केला तो अर्ध्यातच राहिला. निघताना विजयाबाई म्हणाल्या, "त्यायले वेळ द्या." मी म्हटलं, मला कुठे घाई आहे. रविवारी फोन वाजला. फोन डाव्या कानाला धरायची सवय नाही म्हणून त्या अर्धं बोलणं ओरडूनच बोलत होत्या.

मग पावसाळा गेला, दिवाळी गेली. मुलांच्या घटस्फोटाचे कागद झाले. निखिल आता पहिल्यासारखा हसतो, पण घरी आला की एका जागी जास्त वेळ बसत नाही. आणि या माघात विजयाबाई एसटीने वर्धेला आल्या, चहा न घेता बसल्या आणि म्हणाल्या, पल्लवीचं ठरलं. तिच्या ऑफिसातलाच मुलगा. घरच्या घरी लग्न.

मला आनंद झाला का? झाला. आत कुठेतरी कळही आली. दोन्ही एकदम होऊ शकतं.

"तुमाले बोलावनं नाई करू शकत मी," त्या खाली बघत म्हणाल्या. "तिकडचे लोक का म्हनतीन. तुमी समजून घ्या."

"समजलं. एक सांगते, उन्हात तिचं डोकं दुखतं. तिकडच्यांना सांगून ठेवा."

"मी माय आहो तिची. मले माहीत नसन का?" त्या तडकल्या. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी माझा हात दाबला. "सांगतो. नक्की सांगतो."

लग्न काल झालं. मी घरी होते. दिवसभर पापड वाळवले, काढले, पुन्हा वाळवले. आज सकाळी फोन आला. "पाठवणी झाली काल. घर खायाले उठलं हो," विजयाबाई म्हणाल्या. "येता का?" मी मिळाली ती एसटी धरली.

दार वसंतरावांनी उघडलं. मी उंबऱ्याबाहेरच थांबले. ते क्षणभर उभे राहिले आणि मग बाजूला झाले. "या," ते म्हणाले. "मागं आहे ती. सकाळपासून काही खाल्लं नाई तिनं. तुमी सांगून पाहा."

मागच्या ओट्यावर लग्नाच्या भांड्यांचा ढीग होता. घासलेली, ओली, उन्हात पालथी घातलेली. त्यांच्या शेजारी सतरंजीवर विजयाबाई झोपल्या होत्या, कालच्याच साडीत, हात डोक्याखाली. मी त्यांना उठवलं नाही. पदर खोचला, दांडीवरचं फडकं घेतलं आणि एकेक पेला पुसायला घेतला. आवाज होऊ नये म्हणून जपून ठेवत होते.

बऱ्याच वेळाने, डोळे मिटलेलेच ठेवून, त्या म्हणाल्या, "काठावर लाल ठिपका असलेले शेजाऱ्यायचे आहेत. वेगळे ठेवा."

मी वेगळे ठेवले.